पैलवान कोंबडा आणि त्याची किरकोळ पोरं

गटारी तोंडावर आली की जनावरांची डॉक्टर म्हणून या सदराला येणारं माझं टपाल बदलतं. एरवी मांजराचे जंत, कुत्र्याची गोचीड, पोपटाची वाढलेली चोच. आषाढ उतरणीला लागला की सगळी पत्रं कोंबडीची. यंदाच्या गठ्ठ्यातली सहा घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण त्या गृहस्थांनी प्रश्न विचारण्याआधी वजनं लिहून ठेवली होती. असा वाचक मला वर्षातून एखादाच मिळतो.

प्रश्न : मुरबाडच्या अलीकडे माझी पाच हजार पक्ष्यांची शेड आहे, कंपनीच्या करारावर. दिवाळीआधीच्या लॉटला चाळिसाव्या दिवशी सरासरी २ किलो २०० ग्रॅम आली. त्यात एक नर निघाला ३ किलो १०० ग्रॅमचा. तो आणि २ किलो २०० च्या आसपासच्या चार माद्या मी ठेवून घेतल्या. मुलांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं. मार्चअखेर माद्या अंड्यावर आल्या. पंचवीस अंडी दोन गावठी खुडूक कोंबड्यांखाली ठेवली, चौदा पिल्लं निघाली, बारा जगली. खाद्य कंपनीचंच घातलं. चाळिसाव्या दिवशी सगळ्यात मोठं २ किलो ५०, सगळ्यात लहान १ किलो १००, सरासरी दीड किलोच्याही खाली. बाप असला, आयाही भरलेल्या, मग पोरं अशी किरकोळ का?
— एक पोल्ट्रीवाले, मुरबाड तालुका

उत्तर : कराराचे पाच पक्षी तुमच्या परड्यात कसे राहिले, हे मी विचारत नाही. तुमचा सुपरवायझर हे मासिक वाचत नसेल अशी आशा करू.

आधी पैलवानाकडे बघू. पाच हजार पक्ष्यांत असा एखाद-दुसरा निघतोच. त्याचे ३ किलो १०० ग्रॅम दोन खिशांतून आलेले आहेत. एक खिसा जनुकांचा, म्हणजे आई-बापाकडून मिळालेल्या वारशाचा. दुसरा खिसा बाकी सगळ्याचा. तो ज्या अंड्यातून निघाला ते अंडं मोठं होतं का, पहिल्या रात्री ब्रूडरखाली ऊब असलेली जागा मिळाली का, पाण्याचा ड्रिंकर दोन पावलांवर होता की वीस, शेजारचं पिल्लू दांडगट होतं की गरीब. वयस्क पॅरेंट कोंबडीचं, म्हणजे ब्रॉयलरच्या आईचं, अंडं मोठं असतं, त्यातून निघणारं पिल्लूही मोठं. पहिल्या दिवसाच्या त्या पाच-सहा ग्रॅमच्या फरकाचं सातव्या दिवसापर्यंत चांगलं व्याज चढतं, कारण पहिल्या आठवड्यातच पिल्लू आपल्या वजनाच्या चौपट होतं. हा सगळा दुसऱ्या खिशातला पैसा. तो पैलवानाबरोबर संपतो, पोरांना मिळत नाही.

पहिल्या खिशात किती, याला शास्त्रात आनुवंशिकता म्हणतात. ब्रॉयलरच्या वजनाची आनुवंशिकता मोजताना साधारण ०.३ ते ०.४ येते. म्हणजे एकाच कळपातल्या पक्ष्यांमध्ये वजनाचा जो फरक दिसतो, त्यातला तीस-चाळीस टक्के वारशाचा. आता तुमच्याच आकड्यांचा हिशेब मांडू. पैलवान नर आहे, आणि या वयाला नर माद्यांपेक्षा दहा-पंधरा टक्के जड असतात, म्हणून त्याची तुलना सगळ्या लॉटशी करू नका. लॉटची सरासरी २२०० असेल तर नरांची २३५० आणि माद्यांची २०५० धरू. पैलवान आपल्या भावांपेक्षा ७५० ग्रॅमनं पुढे. माद्या आपल्या बहिणींपेक्षा १५० ग्रॅमनं पुढे. आई आणि बाप मिळून सरासरी आघाडी ४५० ग्रॅम. तिला ०.३ नं गुणा : १३५ ग्रॅम. तीच शेड, तोच हंगाम, तशीच निगा असती, तर पैलवानाच्या पोरांकडून २२०० च्या वर एवढीच अपेक्षा ठेवायची. ९०० ग्रॅम जास्त असलेल्या बापाकडून १३५ ग्रॅम. ऐकायला हे कंजूष वाटतं, पण कोंबडीपालनाची सगळी पेढी याच चिल्लरवर उभी आहे. कंपन्या ही चिल्लर दर पिढीला, दर वर्षी, न चुकता जमा करत आल्या.

हा धडा मी स्वतः फार लाजून शिकले. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते, बदलापूरच्या बाजूला एका फार्मवर नोकरी. मे महिना. साहेबांनी सांगितलं, सहा आठवड्यांचे सर्वांत वजनदार चाळीस नर पुढच्या पैदाशीसाठी काढून ठेव. मी दिवसभर काट्यापाशी बसून काढले, पायांत रिंगा घातल्या, वहीत नंबर लिहिले आणि साहेबांची वाट बघत बसले. साहेबांनी वही चाळली. चाळिसांतले एकतीस पक्षी एकाच कप्प्यातले होते, पश्चिमेच्या जाळीलगतचे, जिथे संध्याकाळी खाडीकडचं वारं यायचं. बाकीचे कप्पे पत्र्याखाली भाजून निघत होते, तिथले पक्षी तोंड उघडून धापा टाकत होते, खात नव्हते. साहेबांनी वही बंद केली आणि म्हणाले, "बाई, तू कोंबडे निवडलेस की वारा?" दुसऱ्या दिवशी मी सगळे पक्षी पुन्हा तोलले, आणि प्रत्येक कप्प्यातून त्या त्या कप्प्याच्या सरासरीपेक्षा पुढचे काढले.

तुमच्याकडेही वारंच बदललं आहे. पैलवान वाढला पावसाळा सरताना, त्या मानानं गार हवेत. त्याची पोरं निघाली एप्रिलच्या शेवटी आणि वाढली मे महिन्यात, मुरबाडच्या. ब्रॉयलर गरम झाला की आधी खाणं सोडतो. शिवाय माद्या नव्यानंच अंड्यावर आलेल्या, त्यांची पहिली अंडी लहान, पिल्लंही लहान. आणि खुडूक कोंबडी आई म्हणून कितीही प्रेमळ असली तरी पिल्लांना दिवसभर उकिरड्यावर फिरवते. तुमच्या शेडमध्ये पिल्लू रात्री दिव्याखालीही खात होतं, इथे ते संध्याकाळी सहाला पंखाखाली. सरासरी खाली आली ती मुख्यतः एवढ्यानं आली.

मला तुमच्या वहीतला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो : सर्वांत लहान ११००, सर्वांत मोठं २०५०. बारा पिल्लांत जवळजवळ दुपटीचा फरक. तुमच्या लॉटमध्ये इतकी पांगापांग नव्हती ना? इथे रक्त बोलतंय. बाजारातला ब्रॉयलर ही जात नाही, तो संकर आहे, बहुधा चार ओळींचा, म्हणजे पिढ्यानपिढ्या वेगळ्या राखलेल्या चार वंशांचा. बापाकडच्या ओळी मुख्यतः कॉर्निश वळणाच्या, रुंद छातीच्या. आईकडच्या व्हाइट प्लायमाउथ रॉक वळणाच्या, कारण तिथे वाढीबरोबर अंडीही लागतात. कॉर्निशला इंग्लंडात पूर्वी 'इंडियन गेम' म्हणायचे. ती जात घडवताना आपल्याकडचा झुंजीचा असील वापरला होता. म्हणजे गटारीला तुम्ही-आम्ही जी छाती खातो, तिच्यात थोडा असील आहेच.

चार ओळी ठरलेल्या पद्धतीनं जुळवल्या की पिल्लं बरीचशी एकसारखी येतात, म्हणून कंपनीचा लॉट सारखा दिसतो. पण त्या लॉटमधलेच नर-मादी पुन्हा एकत्र केले की नीट लावलेला पत्त्यांचा डाव पिसून परत वाटल्यासारखं होतं. एखाद्या पिल्लाच्या हातात कॉर्निशची छाती आणि रॉकची भूक, दुसऱ्याच्या हातात नेमकी उलटी पानं. त्यात तुमचे पाचही पक्षी एकाच हॅचरीचे, नात्यातले असण्याची शक्यता बरीच. संकराचा जोम गेला, नात्यातल्या लग्नाचा तोटा आला. अंडी उबणं आणि पिल्लं जगणं याला त्याचा फटका आधी बसतो. पंचवीस अंड्यांत चौदा पिल्लं, हे तुम्ही मोजलंच आहे.

एक विचारते. पैलवान अजून चालतो का? पोटभर खाऊन नऊ महिने काढलेला ब्रॉयलर नर बहुतेक पायांनी जातो, नाहीतर हृदयानं. ब्रीडर फार्मवर या पक्ष्यांच्या आई-बापांना रोज तोलून-मापून, भुकेपेक्षा कमी खाद्य देतात, ते यासाठीच. वाढीचा वारसा आणि अंड्यांचा वारसा एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, आणि ती ओढाताण आई-बापांच्या पोटावर सोडवली जाते. मला हे कधीच आवडलं नाही, पण असं आहे. पैलवानाला सकाळी मोजून खाद्य द्या आणि पैदाशीचा नाद सोडा. घरची पिल्लं हवीच असतील तर बेंगळुरूच्या गिरिराजची किंवा हैदराबादच्या वनराजची पिल्लं आणा. परसात ती टिकतात. तीही संकरितच, तेव्हा पुढच्या पिढीत त्यांचेही पत्ते पिसले जाणार, पण त्यांच्याकडून तुम्ही चाळीस दिवसांत दोन किलोची अपेक्षा तर धरणार नाही.

प्रश्न : मॅडम, कोपरखैरण्यात माझं चिकनचं दुकान आहे. दोन पक्षी काट्यावर सारखेच भरतात, सोलल्यावर एकाचं मटण शंभर ग्रॅम कमी. गिऱ्हाईक समोर उभं असतं, तरी म्हणतं तुम्ही काटा मारलात. नक्की जातं कुठे?
— एक दुकानदार, कोपरखैरणे

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी घरचा स्वयंपाकाचा काटा पिशवीत घातला आणि सकाळी साडेसहाला आमच्या नेहमीच्या दुकानात गेले. दुकानदार मला तीस वर्षं ओळखतो, म्हणून हाकललं नाही. गिऱ्हाईक यायच्या आत दोन पक्षी घेतले : नर २ किलो ११० आणि मादी २ किलो ९०. प्रत्येक गोष्ट वेगळी तोलली.

नराचं रक्त ७५ ग्रॅम, पिसांसकट कातडी ३००, डोकं-पाय १४०, आतडी आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी मिळून १५०, कलेजी-पेटा-हृदय ८५, पोटातली चरबी २५. उरलं १ किलो ३३५.

मादीचं रक्त ७०, कातडी-पिसं ३२५, डोकं-पाय ११५, आतडी आणि अन्नाची पिशवी २०५, कलेजी-पेटा-हृदय ८०, चरबी ५५. उरलं १ किलो २४०.

पंच्याण्णव ग्रॅमचा फरक, अगदी तुम्ही लिहिता तसा. दुकानदारानं मादीची अन्नाची पिशवी बोटांत धरून मला दाखवली, लिंबाएवढी फुगलेली, आत मक्याचा भरडा ओला. "ही गाडीत भरायच्या आधी जेवलीये," तो म्हणाला. नराची पिशवी रिकामी, चिकटलेली. म्हणजे फरकातले पंचावन्न ग्रॅम नुसतं आतलं ओझं होतं. त्याचा वंशाशी काही संबंध नाही. कत्तलीआधी आठ-दहा तास खाद्य बंद ठेवतात, पाणी चालू. तुमच्या ट्रेडरला विचारा, लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी गाडीत भरण्याच्या, किती आधी फीडर वर उचलतात. एका जाळीतले उपाशी, दुसरीतले जेवलेले, असं होत असेल तर तुमचं भांडण गिऱ्हाइकाशी नाहीच.

चरबीचे तीस ग्रॅम मात्र खरे वारशाचे आणि लिंगाचे. माद्या नरांपेक्षा जास्त चरबी धरतात, हे तुम्ही रोज कापता तेव्हा दिसतच असेल. आणि पोटातली चरबी हा ब्रॉयलरच्या सर्वांत आनुवंशिक गुणांपैकी एक, जवळजवळ निम्मा फरक वारशाचा. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात संशोधकांनी एकाच कळपातून दोन ओळी वेगळ्या केल्या. एकीत दर पिढीला चरबीवाले निवडले, दुसरीत सडपातळ, आणि दोन्हींचं वजन मात्र सारखं राहील अशी काळजी घेतली. काही पिढ्यांतच एका ओळीच्या पोटात दुसरीच्या कितीतरी पट चरबी साठली, काट्यावर दोन्ही सारख्याच. तुमच्या गिऱ्हाइकाला हेच समजत नाही, की वजनाचा वारसा वेगळा आणि ते वजन अंगात कुठे बसणार याचा वारसा वेगळा. छातीच्या मांसाचं प्रमाणही असंच, आनुवंशिकता बरीच जास्त. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा पक्षी आणि आजचा यांत छातीइतकं काहीच बदललेलं नाही.

यात पैदासकाराची एक गंमतशीर अडचण असते. छाती तोलायची तर पक्षी कापावा लागतो, आणि कापलेल्या पक्ष्याची पैदास होत नाही. म्हणून पूर्वी भावंडं कापून बघायचे आणि ज्याच्या भावंडांची छाती भारी तो जिवंत ठेवायचे. आता जिवंत पक्ष्याचं सोनोग्राफीनं किंवा सीटी स्कॅननं माप घेतात, आणि रक्ताच्या थेंबातून हजारो जनुकीय खुणाही वाचतात.

तुम्ही इतकं करू नका. पाटीवर जिवंत वजनाच्या भावाबरोबर सोललेल्या मांसाचा भाव लिहा आणि सोलल्यावर तोलून पैसे घ्या. माझ्या दुकानदारानं ते सुरू केल्यापासून त्याच्या दारात आवाज कमी झालाय. बाय द वे, ती दोन्ही कोंबडी मला विकत घ्यावी लागली. चार दिवस आमच्याकडे रस्साच होता.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं आहे की चाळीस दिवसांत कोंबडी दोन किलोची होते ती हार्मोनच्या इंजेक्शनमुळे. मुलींना चिकन देणं बंद करावं का?
— एक आई, घोडबंदर रोड

उत्तर : पाच हजार पक्ष्यांना इंजेक्शन द्यायला कोण येणार? एका शेडवर दोन माणसं असतात, आणि त्यांतला एक सुट्टीवर. वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं, खाद्यातून दिलं तर पोटात पचून जातं. टोचायचं तर पुन्हा पुन्हा टोचावं लागेल, आणि त्याचा खर्च पक्ष्याच्या किमतीपेक्षा जास्त होईल. कुणी करत नाही.

वाढ कुठून आली ते कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं दाखवलं. त्यांनी १९५७ आणि १९७८ सालच्या ब्रॉयलरचे वंश जतन करून ठेवले होते. ते दोन आणि २००५ सालचा बाजारातला ब्रॉयलर, असे तिन्ही त्यांनी एकाच वेळी, एकच खाद्य घालून वाढवले. छपन्नाव्या दिवशी पहिला ९०५ ग्रॅम, दुसरा १८०८, तिसरा ४२०२. खाद्य तेच, निगा तीच, फक्त आजी-आजोबा वेगळे. अमेरिकेत १९४८ मध्ये 'उद्याची कोंबडी' अशी देशव्यापी स्पर्धाच भरवली होती. जास्त मांसल कोंबडी कोण देतो ते पाहायला. ती जिंकली कॅलिफोर्नियातल्या एका पैदासकाराच्या कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायरच्या संकरानं. तिथपासून दर पिढीला ती मुरबाडच्या हिशेबातली चिल्लर साठत आली आहे.

काळजी करायचीच तर प्रतिजैविकांची करा. तो खरा विषय आहे. कोलिस्टिन हे औषध जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर आपल्या सरकारनं २०१९ मध्ये बंदी घातली, ती उगाच नाही. मुलींना चिकन द्या, नीट शिजवून द्या, आणि कच्चं चिकन नळाखाली धुताना शिंतोडे कोशिंबिरीवर उडवू नका.

प्रश्न : मी नेरुळला राहते, झूलॉजी शिकते. कोंबडीच्या वाढीचं जनुक नक्की कुठलं? परीक्षेला एकच नाव लिहायचं तर कोणतं लिहू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : एकच नाव लिहिलंस तर मी तुझे गुण कापेन. अमेरिकेत व्हर्जिनियात पॉल सीगल या शास्त्रज्ञानं १९५७ मध्ये पांढऱ्या प्लायमाउथ रॉकच्या एकाच कळपातून दोन ओळी निवडायला सुरुवात केली. आठव्या आठवड्याला जड असणारे एकीकडे, हलके दुसरीकडे. दुसरं काही बघायचं नाही. चाळीस पिढ्यांनी दोन्ही ओळींच्या वजनात आठपटींहून जास्त अंतर पडलं. हलक्या ओळीतल्या काही पिल्लांना भूकच लागेना, जड ओळीतली खायची थांबेनात. पुढे या दोन ओळींचा संकर करून त्यांचं जनुकीय सामान तपासलं तेव्हा एकही 'मुख्य' जनुक सापडलं नाही. पुष्कळ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा थोडा. गणपतीच्या वर्गणीसारखं, कुणी पाचशे देत नाही, सगळे एकावन्न देतात, तरी मंडप उभा राहतो. आणि बराच वाटा भुकेचा होता, हे विसरू नकोस. वाढीचं जनुक म्हटलं की लोक स्नायूंकडे बघतात, खरं तर पुष्कळदा ते मेंदूकडून पोटाकडे गेलेलं असतं.

या दोन ओळींबाहेर मात्र मोठी वर्गणी देणारी काही जनुकं आहेत. कोंबडीला गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात आणि लिंगाचा मामला आपल्या उलटा : नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू. झेडवर वाढीच्या हार्मोनचा ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप ऐकणारं प्रथिन, बनवणारं जनुक आहे. त्यात बिघाड झाला की हार्मोन रक्तात असून शरीराला ऐकू येत नाही, आणि पक्षी बुटका राहतो. मादीकडे एकच झेड, म्हणून तिला एका प्रतीतच बुटकेपणा येतो. काही पैदासकारांनी हेच वापरलं. आई बुटकी ठेवली म्हणजे ती कमी खाते, आणि नर सामान्य घेतला की पिल्लं पूर्ण वाढतात. मला ही युक्ती फार आवडते, कारण यात उपाशी ठेवणं कमी लागतं.

दुसरं उदाहरण आपल्या हवेचं. उघड्या मानेची कोंबडी तू गावाकडे पाहिली असशील, मान सोललेली असते जणू. तिच्या त्या जनुकाची एक प्रत असली तर अंगावरची पिसं साधारण पाचव्या हिश्शानं कमी, दोन असल्या तर चाळीस टक्क्यांपर्यंत. थंड देशात याचा उपयोग नाही, उलट खाद्य जास्त लागतं. पण उन्हाळ्यात हाच पक्षी पिसांच्या पक्ष्यापेक्षा जास्त खातो, म्हणून जास्त वाढतो. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं उघड्या मानेच्या संकरातून 'हितकारी' नावाचा पक्षी काढला, तो यासाठीच. जनुक एकच, पण जानेवारीत तोट्याचं आणि मे महिन्यात फायद्याचं. परीक्षेत हे लिही. परीक्षकाला झोप लागणार नाही.

प्रश्न : हल्ली छातीच्या तुकड्यांवर पांढऱ्या रेघा दिसतात, आणि काही तुकडे शिजूनही रबरासारखे लागतात. मांस खराब आहे का?
— ऐरोली

उत्तर : खराब नाही. रेघा म्हणजे स्नायूच्या तंतूंच्या जागी आलेली चरबी आणि जोड-ऊती. छाती इतक्या वेगानं वाढते की तिला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्या मागे पडतात, काही तंतू मरतात आणि जागा भरून निघते ती मांसानं नाही. मोठ्या, जड पक्ष्यांत हे जास्त दिसतं. वंशाचा वाटा आहे, खाद्याचा आणि वाढीच्या वेगाचाही आहे. दुकानदाराला सांगा, सव्वा-दीड किलोचा लहान पक्षी द्या. आपल्याकडे तंदुरीला तोच घेतात, आणि त्याच्यात या रेघा क्वचित. रबरासारखा तुकडा हातात आला तर खिमा करा, रश्श्यात घालू नका.

प्रश्न : माझ्या लहानपणी कोंबडीची कातडी पिवळी असायची, हल्ली पांढरी. भेसळ आहे का?
— एक आजी, कळवा

उत्तर : आजी, कातडी पिवळी व्हायला दोन गोष्टी लागतात. एक, खाण्यात पिवळा मका किंवा हिरवा पाला. दुसरी, कातडीतला पिवळा रंग तोडून न टाकणारं जनुक. तुमच्या वेळच्या कोंबड्या परड्यात चरायच्या, पाला खायच्या. आता खाद्यात मक्याऐवजी तांदळाची कणी किंवा बाजरी आली की तोच पक्षी पांढरा दिसतो. यात भेसळ नाही.

आणि त्या पिवळ्या रंगाची गोष्ट तुम्हाला आवडेल. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण त्याच्याकडे हे पिवळं जनुक नाही. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी शोधलं, तेव्हा ते राखी रानकोंबड्याकडून आलेलं निघालं. म्हणजे आपल्या सह्याद्रीतला, मानेवर मेणाच्या थेंबांसारखे ठिपके असलेला. कधीतरी, कुणाच्या तरी परड्यात तो उतरला असणार. माहेर भीमाशंकरकडचं असेल तर पहाटे जंगलातून त्याची तुटक बांग तुम्ही ऐकलेली असेल.